काळीज, ग्रेड दोन

जेल रोडवरच्या सोनोग्राफीच्या मुलीनं
पोटावर थंडगार काहीतरी चोपडलं
आणि पडद्याकडे बघत विचारलं, "घेता का?"
म्हटलं, बाई, आमच्या घरात
खोकल्याचं औषधसुद्धा वास घेऊन आणतात.
ती हसली नाही.
छापून दिलं: फॅटी लिव्हर, ग्रेड दोन.

डॉक्टर पागे म्हणाले, यकृत.
शाळेतही यकृतच होतं.
खाटीक कलेजी म्हणतो.
आणि आई मला जवळ घेऊन म्हणायची, माझं काळीज ते.
म्हणजे इतकी वर्षं जे हलायचं, तुटायचं,
ज्याला घरं पडायची,
त्याच्यावर आतल्या आत साय धरत होती.

"गोळी?"
"गोळी नाही. आठ किलो,"
ते म्हणाले, भाजीवाल्यासारखे.
"सावकाश, सहा-आठ महिन्यांत. रोज पाऊण तास चाला.
साखर सोडा, मैदा सोडा, तळण..."
आणि खिडकीबाहेर बघून थांबले.
खिडकीबाहेर इंदूर होतं.

सकाळी सहाला पोह्यांची वाफ गल्लीच्या तोंडाशी उभी,
जिरावण थेट नाकात.
रात्री सराफ्यात सोन्याची दुकानं मिटतात
आणि कढया जाग्या होतात.
थंडीत गराडू, तो वेगळाच.
मी वजनकाट्यावर चपला काढून उभा राहिलो,
मग घड्याळ काढून,
मग श्वास सोडून.

पंधराव्या दिवशी पोहेवाल्या नंदरामनं हटकलं,
"भिया, नाराज हो क्या?"
नाराज कसला. अर्धी प्लेट दे. जलेबी नको, सेव नको.
त्यानं झारा खाली ठेवला.
"बिना सेव के? ये पोहा तो नंगा हो गया, भिया."
तसाच खाल्ला, लिंबू पिळून,
लोकांकडे पाठ करून.

घरी मात्र कालिंदी बोलेना.
रविवारचा बाफला ती फोडून तुपात बुडवायची,
बुडबुडे थांबेपर्यंत दाबून धरायची.
म्हटलं, माझा कोरडा दे.
दिला.
ताट आपटलं असतं तर बरं झालं असतं.
तुपाची वाटी तिनं धुऊन, पुसून
उपडी ठेवली.

मग एक दिवस ज्वारीचं पीठ शोधताना
खालच्या फळीवर, साबुदाण्याच्या डब्यात,
प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद.
तोच जेल रोड. तोच शिक्का.
ग्रेड दोन.
नाव तिचं.
तारीख माझ्याहून दोन वर्षं आधीची.

मी डबा पोटाशी धरून उभा.
ती दारात.
"मी कोरडं खायला लागले असते," ती म्हणाली,
"तर तुम्हाला तूप वाढताना हात चालला असता का माझा?"
आणि मग, थोड्या वेळानं,
"पीठ वरच्या डब्यात आहे."

आता साडेपाचला निघतो.
रामबागेतून कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपर्यंत, तिथून पूल,
पुन्हा छत्र्या. दोन फेऱ्या.
ती पुढे.
मी मागून धापा टाकत तिची वेणी बघतो.
तीस वर्षं ती माझ्या मागून चालली,
तिला काय दिसत असेल, कोण जाणे.
कचऱ्याची गाडी गात येते,
ओला वेगळा, सुका वेगळा.
एवढं मोठं शहर शिकलं,
मी एक पोट आहे.

माझे सहा गेले, दिवाळीत दीड परत आले.
तिचे किती, सांगत नाही,
पण बांगड्या कोपराकडे सरकतात.
सोमवारी दोघांची सोनोग्राफी.
ती मुलगी विचारील, घेता का,
तर म्हणीन, दोघंही घेत होतो. एकाच वाटीतून.

परतताना नंदराम आम्हाला बघून
सेवेच्या डब्यावर झाकण ठेवतो.
तरी दोन-चार काड्या पडतातच पोह्यांवर,
त्याचा हात आहे तो, सवयीचा.
त्या मी तिच्या बाजूला सरकवतो.
ती माझ्या.
शेवटी कोणीच खात नाही,
असं नाही.